वरची जागा आणि स्वतःच्याच नावाचं भाडं

गूगलवर सगळ्यात वरची जाहिरात कोणाची? 'ज्याचा खिसा मोठा त्याची,' असं जवळपास प्रत्येक नवं गिऱ्हाईक मला ठासून सांगतं. लहान धंद्यांच्या जाहिराती चालवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा हिशेब मला वारंवार मांडून दाखवावा लागतो.

समजा, कोणी 'दापोली होमस्टे' शोधलं. एक रिसॉर्टवाला क्लिकमागे ५० रुपये द्यायला तयार आहे, पण त्याची जाहिरात मोघम आणि वेबसाइट रडतखडत उघडणारी. गूगलच्या लेखी त्याची गुणवत्ता ४. दुसरीकडे एका काकूंची बोली ३० रुपयेच, पण खोल्यांचे फोटो, दर, जेवण सगळं नीट मांडलेलं, गुणवत्ता ८. गुणाकार करा: त्याचे २००, काकूंचे २४०. काकू वर! शिवाय त्यांना ३० सुद्धा पडत नाहीत. खालच्याचे २०० भागिले आपले ८, म्हणजे साधारण २५ रुपये. खरं गणित यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हाच.

यात गूगलचा मोठेपणा काही नाही. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या दुसऱ्या सर्च इंजिनने सरळ लिलाव सुरू केला होता, जास्त बोली त्याची वरची जागा. २००२ मध्ये गूगलने त्यात क्लिकचं प्रमाण धरलं, कारण पैसे क्लिक झाली तरच मिळतात. कोणी बोटच लावणार नसेल तर ५० ची बोली काय कामाची?

इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. २०१३ पर्यंत वरच्या जाहिरातींमागे फिकट रंगाचा पट्टा असायचा. तो गेला, 'ही जाहिरात आहे' सांगणारी पिवळी चिठ्ठी आली, मग हिरवी, मग नुसती काळी अक्षरं. २०१६ पासून उजवीकडच्या जाहिराती काढून वर चारपर्यंत जाहिराती येऊ लागल्या. मोबाइलवर खरा निकाल दिसायला अंगठा झिजवावा लागतो.

आणि नावाचा धंदा तर अजबच. तुमच्या दुकानाचं नाव कोणी शोधलं, तर त्या नावावर तुमचा प्रतिस्पर्धी बोली लावू शकतो. सामान हलवून देणाऱ्या अगरवाल पॅकर्सच्या अशाच प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलला सुनावलं, की या व्यवहारात तुम्ही नुसते बघे नाही, सक्रिय भागीदार आहात. मात्र गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर निव्वळ कीवर्ड म्हणून, म्हणजे बोली लावायचा शोधशब्द म्हणून, दुसऱ्याचं नाव वापरणं हे ट्रेडमार्कचं उल्लंघन नाही, असंही न्यायालय म्हणालं. म्हणजे वाट मोकळीच.

त्यामुळे वीस वर्षं नाव कमावलेला मिठाईवाला आज स्वतःच्याच नावावर बोली लावतो, आणि ती मीच लावून देतो. माझ्या फीचं नुकसान झालं तरी चालेल, पण नोंदणी केलेलं नाव लिलावातून बाहेर काढा आणि तो रंगीत पट्टा परत आणा.