सिमेंटमध्ये गूळ घालू नका, गोठ्याचा कोबा वाया जाईल

गावागावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की गोठ्याचा कोबा करताना सिमेंटच्या गोणीमागे एक किलो गूळ पाण्यात विरघळवून घाला, शिवकाळातले किल्ले असेच टिकले, तडे जात नाहीत, नंतर पाणी मारायचीही गरज नाही, लवकर सुकायला थोडं मीठ टाका आणि कोबा आरशासारखा घोटा म्हणजे शेण चिकटत नाही. माझ्या मामाने हे वाचून गुळाची ढेप आणून ठेवलीय, आणि गवंडी नको म्हणतोय तर त्यालाच "तुला जुन्या गोष्टी माहीत नाहीत" म्हणून गप्प बसवलं. डोकंच फिरलं माझं.

आधी किल्ल्यांचं. किल्ल्यांच्या बांधकामात सिमेंट नव्हतंच हो! पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 सालचं, इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिनचं. आपल्याकडे चुना होता, बऱ्याच गडांवर तो मळायच्या घाण्याचं दगडी चाक अजून दिसतं. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे हे खरंय, तेवढं मान्य. गुळाच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा होत जातो. जुन्या वाड्याची चुन्याची भिंत दुरुस्त करताय तर जाणकाराला विचारून खुशाल गूळ वापरा.

पण सिमेंट हवेने नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, आणि साखर नेमकी तीच क्रिया अडवते. 50 किलोच्या गोणीत 25 ग्रॅम साखर गेली तरी सेट व्हायला काही तास उशीर होतो आणि 100 ग्रॅमच्या पुढे गेलं तर ते नीट पकडतच नाही. गुळात निम्म्याहून बरीच जास्त साखरच असते, म्हणजे मेसेजवाल्याचा एक किलो किती होतो बघा. मिक्सरची गाडी रस्त्यात बंद पडली की आतलं काँक्रीट ड्रममध्येच घट्ट होऊ नये म्हणून त्यात साखर ओततात, आणि तीच वस्तू आपण मजबुतीसाठी घालायची? आयएस 456 म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, त्यात पाण्यात काय नसावं याच्या यादीत तेल, आम्ल, क्षार यांच्यासोबत साखर हा शब्द सरळ लिहिलाय. म्हणून गुऱ्हाळाजवळ काम असेल तर काहिल धुतलेलं पाणी किंवा मळीचा ड्रमसुद्धा माल कालवायला घेऊ नका. सेट उशिरा व्हावं म्हणून कंपन्या औषधं विकतात आणि त्यातल्या काहींत साखरेसारखेच पदार्थ असतात हेही खरं, पण ती मापून घालायची असतात, ढेप फोडून नाही.

पाणी मारायची गरज नाही म्हणे! त्याच मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीला, म्हणजे बहुतेक राख (फ्लाय ॲश) मिसळलेल्या सिमेंटला, 10 दिवस ओलं ठेवा असं आहे, कोरड्या उन्हात तर त्याहून जास्त. ओली पोती अंथरा नाहीतर वाफे करून पाणी साठवा, तडे कमी करायचा खरा उपाय हाच आहे.

मीठ घातलं की आतली सळई गंजते, विषय संपला. आणि एकीकडे गूळ घालून सेट होणं लांबवायचं, दुसरीकडे मिठाने लवकर सुकवायचं, हे लिहिणाऱ्याने कधी थापी तरी हातात धरलीय का?

आरशासारखा कोबा तर जनावराच्या जिवावर उठणारा आहे. ओल्या गुळगुळीत जमिनीवर गाभण म्हैस फरा फाकून पडली की उठवता उठवता नाकी नऊ येतात, कधी ती उठतच नाही. कोबा ओला असतानाच खराटा मारून खरबरीत ठेवा किंवा खाचा पाडा, आणि गव्हाणीकडून मुताच्या नालीकडे मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर उतार द्या, शेण आपोआप सोपं निघतं.

कुणी गुळाचा माल ओतलाच असेल तर लगेच वरून कोरडं सिमेंट भुरभुरू नका. जनावरं दुसरीकडे बांधा आणि आठवडाभर कोबा ओला ठेवा, साखर कमी गेली असेल तर उशिरा का होईना पकडेल. त्यानंतरही खिळ्याने उकरून भुगा निघत असेल तर सगळा काढून नवीन करा.