पाना हातात घ्या म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन विषय बारमाही चालतात: कॅनिंगच्या आंब्याचा दर, मुंबई-गोवा महामार्ग, आणि ‘आपल्या पोरांना अंगमेहनत नको’. हल्ली तिसऱ्याला पुन्हा ऊत आलाय. एका काकांनी व्हिडिओ टाकला. पांढऱ्या केसांचा एक गोरा गृहस्थ स्वतःच्या गाडीखाली उताणा पडून नट सोडवतोय, आणि खाली ओळ: ‘तिकडे प्रोफेसरसुद्धा आपली गाडी आपण दुरुस्त करतो, आपल्याकडे बारावी नापासालाही हात काळे करायची लाज.’ त्यावर अंगठे, जोडलेले हात, आणि शेवटी माझ्या नावानं हाक: ‘तू सांग रे, खरं की नाही?’

मी ब्रेमेनला राहतो, गाडीची बरीचशी किरकोळ कामं घरीच करतो, आणि मूळचा देवगड तालुक्यातला. साक्षीदार म्हणून मी पक्का. फक्त साक्ष काकांच्या बाजूनं पडेलच असं नाही.

तो प्रोफेसर गाडीखाली शिरतो तो श्रमप्रतिष्ठेसाठी नव्हे, बिलाच्या धास्तीनं. जर्मनीत गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या एका तासाचे सहज शंभर युरोंच्या वर होतात. मागचे ब्रेक करायचे तर सामानापेक्षा मजुरीच जड. माझ्या शेजाऱ्याला गाडीच्या कामाची मुळीच हौस नाही. दोन मुलं आणि घराचं कर्ज आहे म्हणून तो शनिवारी पाना उचलतो. हाताशी पैसे असले तर तोही किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात ठेवून कॉफी प्यायला जाईल.

बरं, तो वाटेल तिथे आडवाही होऊ शकत नाही. तिथे रस्त्यावर किंवा उघड्या मातीवर ऑइल बदललं तर दंड बसतो, कारण ते जमिनीतल्या पाण्यात जातं. रविवारी ठोकाठोक केली तर शेजारी तक्रार करतात. म्हणून भाड्यानं मिळणाऱ्या कार्यशाळा असतात. तासावर पैसे भरायचे, गाडी लिफ्टवर चढवायची, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने वापरायचे, आणि अडलात तर तिथला एखादा म्हातारा कारागीर येऊन बघून जातो. काढलेलं ऑइल कुठे न्यायचं हा प्रश्नच नाही. जितकं विकलं तितकं जुनं फुकट परत घेणं विकणाऱ्याला कायद्यानं बंधनकारक आहे. (आमच्याकडे काळं ऑइल मांगराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. वाळवी लागत नाही हे खरं. ते झिरपून पुढे विहिरीत उतरतं का, हे कुणी विचारत नाही.) एवढं करून दर दोन वर्षांनी गाडी तपासणीला न्यायची, आणि तिथला इंजिनिअर टॉर्च घेऊन खालून बघतो. तुम्ही घरी काय प्रताप केलेत ते त्याला लगेच कळतं.

थोडक्यात, व्हिडिओत दिसतो तो माणूस. त्याच्या मागे उभी असलेली व्यवस्था चौकटीत मावत नाही.

आता देवगडचं. दिवाळीत घरी होतो. बाबांची जुनी छोटी गाडी अख्खा पावसाळा शेडमध्ये हँडब्रेक ओढून उभी होती. समुद्राकाठी हे हमखास होतं. मागच्या चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम; त्याच्या आत ब्रेक शू, म्हणजे अस्तर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या, लोखंडाला दाबून बसलेल्या असतात, चार महिने ओल आणि खारं वारं आत शिरतं, आणि गंजानं शू ड्रमला डकतात. हँडब्रेक सोडला तरी चाक हलत नाही. पहिला गियर टाकून क्लच सोडला की गाडी जागच्या जागी बसकण मारते. शहाणी माणसं पावसाळ्यात हँडब्रेक मोकळा ठेवतात, गाडी गियरमध्ये टाकतात आणि चाकांना चिरे लावतात. आमच्याकडे ती आठवण नेहमी ऑक्टोबरात होते.

म्हटलं, काम सोपं आहे. चाक काढायचं, ड्रम काढायचा, साफ करायचं, लागले तर नवे शू. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात; त्यांत दोन बोल्ट सारखे पिळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. तिकडे हे मी केलेलं आहे. इथे पहिल्या घासातच खडा. जॅक टेकवायला सपाट फरशी नाही. खळ्यातल्या मातीत तो एका बाजूला कलायला लागला, म्हणून खाली फळी घातली. चाकाचे नट सुटले, कारण पंक्चरच्या निमित्तानं ते अधूनमधून सुटतात. ड्रमवरच्या भोकांतले आटे मात्र गंजानं भरून सपाट झालेले. बोल्ट दोन फेरे आत गेला आणि त्याचे स्वतःचेच आटे गेले. घासलेट ओतलं, संध्याकाळपर्यंत मुरू दिलं, हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकलं. आमची आये पडवीतून विचारतेय, ‘अरे, चतुर्थीपर्यंत तरी सुटात काय?’ चतुर्थी नुकतीच होऊन गेलेली.

मिठाचा त्रास ब्रेमेनलाही आहे, कारण हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठच टाकतात. पण तिथे आटा गेला तर नवे आटे पाडायचा योग्य मापाचा टॅप सुपरमार्केटएवढ्या दुकानात तासाभरात मिळतो. शू हवेत तर गाडीच्या कागदावरचा क्रमांक टाकला की दुसऱ्या दिवशी डबा दारात. इथे दुकानदार म्हणाला, ‘जुना पार्ट घेऊन या.’ जुना पार्ट ड्रमच्या आत अडकलेला, आणि तो सोडवण्याचाच तर सगळा खटाटोप. मग त्यानं मोबाइलवर फोटो मागितला, वर्ष विचारलं, आणि ‘ओरिजिनल की लोकल?’ असा खरा प्रश्न विचारला. दोन्हींच्या किमतीत दुपटीहून जास्त फरक, आणि लोकल घेतला तर तो बसेलच याची हमी नाही. ओरिजिनल कोल्हापूरहून येणार, फोंडा घाटातून, एसटीच्या पार्सलनं.

शेवटी मेस्त्री आले. पिशवीत हातोडा, छन्नी, बॉक्स पाने आणि गॅसची छोटी टाकी. ड्रमकडे एकदा बघून म्हणाले, ‘ह्यो मारून सुटाचो नाय, दादानू. तापवक व्हयो.’ मी म्हटलं, पुस्तकात दोन बोल्टांनी ढकलायला सांगितलंय. ‘थयच्या पुस्तकात खारो वारो लिवलेलो आसता काय?’

त्यांनी ज्योत ड्रमच्या मधोमध, हबच्या कडेनं गोल फिरवली, लाल होऊ दिलं नाही. मग मागच्या बाजूनं, शू आतबाहेर करणाऱ्या ॲडजस्टरच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून शू आत ओढले, आणि कडेवर तीन ठोके दिले. ड्रम खणकन आवाज करून हातात आला. आत लालसर-काळ्या भुकटीचा थर. मेस्त्रींनी ती तोंडानं फुंकली. तेवढ्यापुरता मात्र मी परदेशी झालो आणि त्यांच्या अंगावर ओरडलो. ब्रेकच्या अस्तरात पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस असायचं. युरोपीय संघात त्यावर २००५ पासून पूर्ण बंदी आहे. भारतात अशी सरसकट बंदी नाही, आणि ‘लोकल’च्या डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. ओलं फडकं लावायला खर्च येत नाही.

ब्रेक ऑइल बदला, असंही मी म्हटलं. त्यावर मेस्त्री एका शब्दात ‘होय’ म्हणाले, कारण तो त्यांचाही आग्रह. गिऱ्हाईकच ऐकत नाही. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरली की ती मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. सपाटीवर काही जाणवत नाही. फोंडा घाट उतरताना ब्रेक तापले, नळीत बुडबुडे झाले, की पॅडल मऊ पडून थेट खाली जातं. देवगडच्या हवेत ओलीची काय कमतरता! मी आत बसून पॅडल दाबत राहिलो, मेस्त्रींनी खालून हवा काढली, आणि काम झालं.

मजुरी सांगितली पाचशे. काका तिथेच चहा घेत होते, व्हिडिओवालेच काका. म्हणाले, ‘एवढ्याशा कामाक पाचशे?’

काकांवर माझा राग नाही, पण ग्रुपवरच्या वादाची खरी नस इथे सापडते. ज्याला श्रमप्रतिष्ठा हवी आहे तोच मजुरीवर घासाघीस करतो. जर्मनीत मेकॅनिकला मान मिळतो म्हणून त्याचा तास महाग आहे, असं आपण धरून चालतो. मला गोष्ट उलटी दिसते. तास महाग आहे म्हणून मान मिळतो. त्या तासामागे साडेतीन वर्षांची पगारी उमेदवारी असते, आणि स्वतःचं गॅरेज काढायचं तर साधारणपणे वरची ‘माइस्टर’ परीक्षा द्यावी लागते. आमच्या मेस्त्रींना तिथे शटर वर करता आलं नसतं, हेही सांगायला हवं. तो कायदा हातातली कला बघत नाही, कागद बघतो. दोन्हींत कुठलं बरं? ड्रम अडकला तर मला मेस्त्री हवेत. चार वर्षांपूर्वी घेतलेली गाडी अडकली तर मात्र अडचण आहे, आणि वाद घालायचाच तर या अडचणीवर घालायला हवा.

कारण मेस्त्रींची खरी लढाई आळशी पोरांशी नाही. भारतात एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, एप्रिल २०२०पासून बीएस-६ (धुराचे कडक निकष) आलं. चांगलंच झालं. पण आता डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे कॉम्प्युटर लावतो-विझवतो. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाच्या बिघाडाचा कोड तेवढा वाचून दाखवतो. काही गाड्यांत एबीएसच्या युनिटमधली हवा काढायलाही कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते अधिकृत सर्व्हिस सेंटरपलीकडे सहसा पोचत नाही. तिथे पोचायचं तर देवगडातून निदान कणकवली गाठायची, नंबर लावायचा, आणि गाडी ठेवून एसटीनं परत यायचं.

यावर आपल्याकडे काहीच झालेलं नाही, असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका हाच की सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. मग जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे तिचे चार विषय. त्याच वर्षअखेर पोर्टलही सुरू झालं. आमच्या मेस्त्रींनी त्याचं नाव ऐकलेलं नाही. ऐकून त्यांना उपयोग किती झाला असता तेही सांगवत नाही, कारण पोर्टलवरची माहिती मुख्यतः गिऱ्हाइकासाठी आहे आणि त्यांना हवा आहे वायरिंगचा नकाशा.

युरोपीय संघात २००७च्या नियमावलीनं ही माहिती बाहेरच्या गॅरेजना वाजवी शुल्कात देणं कंपन्यांना भाग पाडलं. एका दिवसापुरती वर्गणी भरूनही ती बघता येते. कंपन्या तिथेही खळखळ करतात, सॉफ्टवेअरला नवीनवी कुलपं घालतात आणि कोर्टात जातात. तरी माझ्या गल्लीतला तुर्की गॅरेजवाला कुठल्याही कंपनीची गाडी उघडतो, आणि त्याला उघडता येते म्हणूनच मोठ्या सर्व्हिस सेंटरचे भाव थोडे तरी आवरात राहतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावात अशी माहिती मिळाली तर आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून आलेल्या पोराला मुंबईची गाडी पकडण्याखेरीज दुसराही मार्ग दिसेल. ‘लाज वाटते’ म्हणून पोरं हे काम सोडत नाहीत. ज्या धंद्यात पाच वर्षांनी हातात फक्त जुन्या गाड्या उरणार आहेत, त्यात कोण कशाला शिरेल?

मला गाडीखाली शिरायला आवडतं, आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा शिरेन. पण ती माझी हौस आहे. तिकीट काढून आलेल्या माणसानं तिचा उपदेश करू नये.

मजुरी पाचशेच दिली. जाताना मेस्त्रींनी विचारलं, ‘येताना थयसून योक स्कॅनर हाडशात?’ मी चौकशी केली. यंत्र विमानातून आणता येईल, त्यात अडचण नाही. पण त्यात भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांची माहितीच नसते, आणि जी असते तिचा परवाना दर वर्षी पैसे भरून वाढवावा लागतो. तसं त्यांना फोनवर कळवलं. म्हणाले, मग र्‍हवंदे, आंब्याच्या सीझनात टेम्पोची कामं भरपूर असतात, टेम्पो जुने आहेत.