पेरणीचं बियाणं विकता?

जुलै आला, खेळाडूंच्या अदलाबदलीचा हंगाम आला, की अमेरिकी बेसबॉल संघांचं पुन्हा तेच! दोन महिन्यांच्या पाहुण्या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, घरची तरुण पोरं दुसऱ्या संघाला देऊन टाकायची. अरे, किती वेळा हात पोळायचे? 1987 मध्ये डेट्रॉइटनं पिचर डॉइल अलेक्झांडरसाठी 20 वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. मिशिगनमध्येच वाढलेला पोरगा! अलेक्झांडरनं एकही न हरता 9 सामने जिंकले, मान्य. पण मोसमाअखेरच्या बाद फेरीत, प्लेऑफमध्ये, मिनेसोटानं घरी पाठवलंच ना? स्मोल्ट्झ थेट हॉल ऑफ फेममध्ये, महान खेळाडूंच्या मानाच्या पंक्तीत. 1990 मध्ये बोस्टननं तर हद्दच केली. त्यांच्यासाठी मोसमात जेमतेम 22 इनिंग टाकणाऱ्या लॅरी अँडरसनपायी तरुण फलंदाज जेफ बॅगवेल ह्यूस्टनला घालवला! त्यानं ह्यूस्टनसाठी 449 होमरन ठोकले. 449! आणि बोस्टन? ओकलंडसमोर चार सामन्यांत गारद. मग मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या स्पर्धांच्या, बसमधून वर्षानुवर्षं धक्के खाणारी ही पोरं वाढवता तरी कशाला?