चारच तर वायरी

डिस्प्ले इवलासा आहे. १.३ इंचाचा कर्ण, १२८ बाय ६४ ठिपके आणि एका कडेला चार पिना. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डावरच्या चिमुकल्या कॉम्प्युटरला जोडून डिस्प्लेवर खोलीचं तापमान दाखवायचं, एवढाच बेत होता. "चारच तर वायरी आहेत, जेवणाआधी होऊन जाईल," असं मी बायकोला सांगितलं. कुठल्या दिवसाच्या जेवणाआधी, हे बोललो नव्हतो, तेच पुढे कामी आलं.

चारांतल्या दोन वायरी विजेच्या, दोन निरोपांच्या. नमुन्याच्या चित्रात पहिली पिन ग्राउंडची (विजेचं वजा टोक) आणि दुसरी व्हीसीसीची (अधिक टोक) होती, माझ्या मॉड्यूलवर नेमकं उलट. हे वीज द्यायच्या आधीच लक्षात आलं. या अख्ख्या प्रकरणात मी वेळेवर पाहिलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट.

वीज दिली. काळं. वायरी काढून पुन्हा लावल्या. काळं.

साधा एलसीडी निदान मागचा दिवा तरी लावतो. जागा आहे पण बोलायचं नाही, एवढं तरी कळतं. माझा डिस्प्ले ओएलईडी. त्याला मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो. त्यामुळे डिस्प्ले चालू असून गप्प आहे, बंद आहे की कायमचा गेलाय, तिन्ही अवस्थांत चेहरा तोच. रुसलेल्या माणसाला "काय झालं" असं विचारलं तर तो निदान "काही नाही" तरी म्हणतो.

मग प्रोग्रामकडे चौकशी केली. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या बोर्डाचे निरोप दाखवणाऱ्या खिडकीत, उत्तर आलं, डिस्प्ले सुरू झाला. संशय आला म्हणून डिस्प्ले उपटून बाजूला ठेवला आणि बोर्ड रीसेट केला. डिस्प्ले सुरू झाला! लायब्ररी, म्हणजे डिस्प्लेशी बोलायचा आयता कोड, खोटं बोलत नव्हती. चित्रासाठी लागणारी मेमरी मिळाली की तिच्या लेखी सुरुवात झाली. समोर कुणी बसलंय का, हे ती बघत नाही. सभागृह रिकामं असलं तरी हिचं भाषण सुरू.

म्हणून मी स्वतःच तपासणी लिहिली. मॉड्यूलच्या पाठीवर पत्ता छापला होता, ७८. त्या पत्त्यावर एक हाक मारायची आणि ओ आली नाही, तर 'डिस्प्ले नॉट फाउंड' असा निरोप द्यायचा आणि थांबायचं. निरोप कुठे द्यायचा? बाकीचे निरोप जिथे देत होतो तिथेच, डिस्प्लेवर. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला त्यात काहीही खटकलं नाही.

उलट हुरूप आला आणि मी आणखी बरेच निरोप लिहून ठेवले. त्यावर प्रोग्रामने मानच टाकली. १२८ गुणिले ६४ म्हणजे ८१९२ ठिपके, एका बाइटमध्ये ८, म्हणजे चित्राला १०२४ बाइट लागतात. बोर्डाकडे एकूण रॅम २०४८. अर्धं घर एका पाहुण्याला दिलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात माझं वाङ्मय. प्रोग्राम बोर्डाच्या भाषेत आणणारा कम्पायलर मात्र "जागा आहे, जागा आहे" म्हणत होता, कारण ते १०२४ बाइट प्रोग्राम चालू झाल्यावर मागितले जातात आणि त्याच्या हिशेबात धरलेलेच नसतात. निरोप रॅममधून, प्रोग्राम जिथे साठवतात त्या फ्लॅश मेमरीत हलवले आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी स्कॅनर चालवला. हा छोटा प्रोग्राम निरोपांच्या दोन वायरींवर (या बोलण्याच्या पद्धतीला आयटूसी म्हणतात) एकेका पत्त्याला हाक मारत हजेरी घेतो. हजर कोणीही नाही. मल्टिमीटरने वायरी तपासल्या, सगळ्या शाबूत. शेवटी वैतागून डिस्प्ले ब्रेडबोर्डवरून काढायला बोट टेकवलं आणि मॉनिटरवर एक पत्ता उमटला, ३सी. बोट उचललं. कोणी नाही. टेकवलं. ३सी.

उलटा करून पाहिलं तर पिना भोकांत नुसत्या खोचलेल्या, सोल्डरचा थेंब नाही. "आधी चालतो का बघू, मग सोल्डर करू," असं एक शहाणा माणूस म्हणाला होता. तो मीच. तरीही सोल्डरिंग आयर्न शोधायला उठायच्या ऐवजी मी वीस मिनिटं डाव्या हाताच्या तर्जनीने डिस्प्ले तिरका दाबून धरून उजव्या हाताने टायपिंग केलं. तेवढ्यात बायको आली.

"काय करतोयस?"

"तापमान बघतोय."

"बोटाने?"

मी सोल्डरिंग आयर्न शोधायला उठलो.

चार टाके घातले आणि ३सी कायमचा हजर झाला. मग पाठीवरचं ७८ कुणाचं? त्याचंच. आयटूसीचा पत्ता सात बिटांचा असतो, आठवा बिट वाचायचंय की लिहायचंय हे सांगायला. पत्ता लिहिताना तो आठवाही धरला की आकडा दुप्पट होतो. हे आकडे हेक्समधले, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले: ३सी म्हणजे आपले ६०, आणि ७८ म्हणजे १२०. पाळीव प्राण्याला घरात एक नाव आणि कागदावर दुसरं, तसं हे. माझी तक्रार एवढीच, की पाठीवर छापताना हाक मारायचं नाव छापावं. लायब्ररीला ३सी दिलं.

आणि डिस्प्ले उजळला! पण त्यावर नुसती मुंग्यांची वारूळं फुटल्यासारखे ठिपके, आणि त्यांच्यातून एक फाटकी आडवी पट्टी. पत्ता बरोबर, पण माणूस दुसराच. मी एसएसडी १३०६ या डिस्प्ले चालवणाऱ्या चिपशी बोलत होतो आणि आत बसली होती एसएच ११०६. दोघी दिसायला बहिणी, पण पहिलीला सबंध चित्र एका दमात सांगितलं तरी चालतं. दुसरीला ते आठ पट्ट्यांत तोडून, दर पट्टीला "आता पुढची" असं सांगून द्यावं लागतं, नाहीतर ती पहिल्याच पट्टीवर अडून बसते. बाकी जे दिसतं ते मेमरीत वीज आल्याक्षणी उगवलेलं तण.

लायब्ररी बदलली. ही पट्ट्यापट्ट्यांनीच बोलते, म्हणून तिच्यातला १३०६चाच नमुना चालवला. 'हॅलो' दिसलं, फक्त पहिल्या एचचा डावा पाय नव्हता आणि उजव्या कडेला दोन ठिपक्यांच्या रुंदीचं तण शिल्लक होतं. ११०६च्या मेमरीत १३२ स्तंभ असतात आणि पडदा १२८चा, मधोमध बसवलेला. म्हणजे दोन्ही कडांचे दोन-दोन स्तंभ पडद्याआड. माझा एच बिचारा दाराच्या फटीत एक पाय अडकलेल्या माणसासारखा उभा होता. यादीतून ११०६ निवडला आणि एच दोन्ही पायांवर आला.

आता माझा प्रोग्राम. नव्या लायब्ररीसाठी ओळन् ओळ नीट बदलली, स्वतः लिहिलेली तपासणी मात्र जशीच्या तशी उचलून ठेवली. ती बरोबरच असणार, मी लिहिली होती. बायकोला बोलावलं. वीज दिली.

काळ्याभोर पडद्यावर, सगळे पाय शाबूत असलेली सुबक अक्षरं उमटली. तिने वाकून मोठ्याने वाचलं.

"डिस्प्ले नॉट फाउंड."

तपासणी अजून ७८लाच हाका मारत होती. मी काही बोलायच्या आत तिने डिस्प्लेवर बोट ठेवलं, सवयीने थोडं दाबूनही पाहिलं, आणि विचारलं, "मग हे काय आहे?"