फोडणीच्या ठसक्याने सर्दी जळत नाही

अमळनेरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊ वाजता दवाखान्यात न्यावे लागले. सर्दी तिला तीन दिवसांपासून होतीच, परंतु धाप लागली ती सर्दीवरच्या उपायामुळे. घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर आलेला एक संदेश तिच्या सासूबाईंनी मोठ्या मायेने वाचून दाखवला आणि त्याप्रमाणे तिने स्वयंपाकघराची दारे-खिडक्या लावून सुक्या लाल मिरचीची कडकडीत फोडणी दिली. तिला लहानपणापासून दमा आहे. पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. तिथे औषधाचा वाफारा घेऊन ती दोन तासांत घरी आली, हे आमचे नशीब.

तो संदेश दुसऱ्या दिवशी माझ्यापर्यंतही पोहोचला, आणि त्यानंतर आणखी तीन ठिकाणांहून पोहोचला. कुण्या वैद्याचे नाव, हात जोडल्याची चित्रे आणि ‘प्रत्येक गृहिणीपर्यंत पोहोचवा’ अशी आज्ञा वगळली, तर त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून बाईने स्वयंपाकघर सोडू नये, उलट तिथेच थांबावे. बंद खोलीत मिरचीच्या फोडणीचा ठसका घेतल्यास नाकातले विषाणू जळतात. सर्दी झालेल्या बाईच्या हातचे अन्न घरच्यांनी अवश्य खावे, कारण त्यातून सौम्य जंतू पोटात जाऊन सर्वांना ‘नैसर्गिक लस’ मिळते. केळी, दही, ताक आणि भात बंद करावा. लहान मुलांना, अगदी तान्ह्या बाळालाही, आले घातलेला मध चाटवावा. आणि गरम काढा-सूप घेत राहिल्यास तिसऱ्या दिवशी सर्दी मुळापासून जाते.

ठसक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझा राग तिथे आहे. सर्दीचे विषाणू नाकाच्या पोकळीत धुळीसारखे सांडलेले नसतात. ते नाका-घशाच्या अस्तरातील पेशींच्या आत शिरून तिथे वाढतात. पेशीच्या आतला विषाणू जाळण्याइतकी उष्णता नाकातून आत गेली, तर विषाणूच्या आधी नाक भाजेल. मिरची तडतडली की नाक-डोळे वाहू लागतात आणि ‘बघा, कफ सुटला’ असे वाटते, हे खरे आहे. परंतु ते पाणी कॅप्सेसिनमुळे येते. मिरचीतील हा तिखट घटक वेदना व जळजळ ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो आणि शरीर तो त्रासदायक पदार्थ धुऊन काढण्यासाठी पाणी सोडते. त्या पाण्याचा आणि आजार बरा होण्याचा काही संबंध नाही. खोकल्यावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये माणसाला मुद्दाम खोकला आणायचा असतो, तेव्हा त्याला कॅप्सेसिनचेच सूक्ष्म फवारे हुंगायला देतात. म्हणजे खोकला उत्पन्न करण्यासाठी जगभर जे वापरले जाते, तेच या संदेशात खोकल्यावरचे औषध म्हणून, तेही दारे-खिडक्या लावून, सांगितले आहे. ज्याच्या श्वासनलिका सर्दीमुळे आधीच सुजल्या आहेत आणि ज्याला दम्याची प्रवृत्ती आहे, अशा माणसासाठी हा धूर म्हणजे श्वासनलिका आकसून घेण्याचे निमंत्रणच आहे. आपल्याकडे मिरच्या भाजायच्या झाल्या की आई आम्हां मुलींना अंगणात पिटाळायची आणि स्वतः नाकाला पदर लावून बसायची. त्या न शिकलेल्या बाईला जे कळत होते, ते हा संदेश लिहिणाऱ्याला कळू नये याचे नवल वाटते.

आता ती ‘नैसर्गिक लस’. हा मुद्दा इतका हास्यास्पद आहे की तो सोडून द्यावा असे वाटले होते, परंतु आमच्याच घरात तो दोघांना पटलेला दिसला. लशीत विषाणू मारून, दुबळा करून किंवा त्याचा केवळ एखादा अंश घेऊन ठरलेल्या मात्रेत दिलेला असतो. सर्दी झालेल्या माणसाच्या शिंतोड्यांतून येतो तो धडधाकट विषाणू, आणि त्याने होते ती सर्दीच. शिवाय सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते. त्यांतील सर्वाधिक आढळणाऱ्या राइनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि म्हणूनच सर्दीवर लस अद्याप तयार होऊ शकलेली नाही. जगातल्या शास्त्रज्ञांना जमले नाही, ते खोकणाऱ्या सुनेने केलेल्या पिठल्यातून साधेल असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. यात आणखी एक गंमत अशी की राइनोव्हायरसला आम्ल सोसत नाही, म्हणून गिळलेल्या अन्नाबरोबर तो जठरात गेला तरी तिथे सहसा टिकत नाही. तो शिरतो नाकातून आणि डोळ्यांतून, आणि तिथपर्यंत त्याला बऱ्याचदा पोहोचवतात ते आपलेच हात. बहिणीने नाक पुसले, त्याच हाताने फ्रिजचे दार उघडले, मग त्या दाराला भाच्याने हात लावला आणि डोळा चोळला, एवढे पुरे असते. सर्दी पसरते ती अशी, भाकरीतून नव्हे.

मात्र अन्नातून पसरणारे एक वेगळे संकट या सल्ल्यामुळे ओढवू शकते आणि त्याचा संदेशात उल्लेखही नाही. सुमारे चारांतील एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू एरवीही निमूटपणे राहत असतो. नाक वाहत असताना तो हाताला लागतो, हातावरून अन्नात जातो, आणि ते अन्न बराच वेळ बाहेर राहिले तर त्यात वाढून विष तयार करतो. जिवाणू उकळल्याने मरतो, परंतु त्याने केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही, म्हणून ‘पुन्हा गरम केले होते ना’ हा बचाव इथे चालत नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते आठ तासांत उलट्या सुरू होतात. धोका अर्थातच उकळत्या आमटीत किंवा तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या कळण्याच्या भाकरीत नसतो. तो शिजवल्यानंतर हाताळलेल्या पदार्थांत असतो. आपले भरीतच घ्या. वांगे काटक्यांच्या जाळावर भाजले जाते तोवर सर्व निर्धोक असते, पण नंतर ते हाताने सोलायचे, ठेचायचे, त्यात कांद्याची पात चिरून घालायची आणि पंगत बसेपर्यंत झाकून ठेवायचे, या प्रत्येक पायरीवर हात लागतो. सर्दी झालेल्या व्यक्तीने भरीत, कोशिंबीर, शिकरण आणि पीठ मळण्याची कामे दुसऱ्याकडे द्यावीत, आणि कोणीच नसेल तर निदान साबणाने वीस सेकंद हात धुऊन मगच ती करावीत. नाकाला हात लागला की पुन्हा धुवावेत. याचा कंटाळा येतो, हे मान्य आहे.

मधाचा मुद्दा संदेशात अर्ध्या ओळीचा आहे आणि सर्वांत धोकादायक तोच आहे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, थेंबभरही नाही, आल्याबरोबर नाही आणि गरम पाण्यातही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत, परंतु तान्ह्याच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. घरगुती उकळण्याने ही बीजे मरत नाहीत, आणि मध शुद्ध, रानातला, सातपुड्यातून आणलेला असला म्हणून फरक पडत नाही. बाळाला शौचास न होणे, अंगावर नीट ओढता न येणे, रडण्याचा आवाज बारीक होणे, मान टाकणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. बहिणीच्या जावेचे बाळ सात महिन्यांचे आहे. त्याला दोन बोटे मध चाटवून झाला होता. बाळ ठीक आहे, पण इतरांना चाटवून काही झाले नाही हा पुरावा मला कोणी देऊ नये. वर्षावरील मुलांना मात्र झोपताना थोडा मध दिल्यास रात्रीचा खोकला कमी होतो, इतपत सत्य या मुद्द्यात आहे.

केळी, दही आणि ताक यांच्यावर फार शब्द खर्च करण्याची इच्छा नाही. ज्या जिल्ह्यातल्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या जळगाव जिल्ह्यात बसून केळीने सर्दी होते असे पुढे पाठवणाऱ्यांना रावेर-यावलच्या बागांत राबणारी माणसे दिसत नाहीत काय? विषाणू केळीत नसतो. फ्रिजमधले गार दही दुखऱ्या घशाला नकोसे वाटत असेल तर खाऊ नये. भात बंद का करायचा, हे संदेशातही सांगितलेले नाही.

आता उरले ते गरम खाणे-पिणे, आणि इथे मला नाइलाजाने थोडे मागे यावे लागते. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या कॉमन कोल्ड सेंटरने २००८ मध्ये सर्दी झालेल्या तीस जणांवर एक साधा प्रयोग केला. फळांच्या रसाचे तेच सरबत काहींना गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाचे दिले. गरम पेय घेणाऱ्यांना वाहते नाक, शिंका, खोकला, घसादुखी, अंगात भरलेली हुडहुडी आणि थकवा यांपासून लगेच आराम वाटला आणि तो काही वेळ टिकला. साधे पेय घेणाऱ्यांना घशाचा, हुडहुडीचा आणि थकव्याचा आराम मिळाला नाही. म्हणजे धुळ्यात पारा दहा अंशांखाली गेला असताना गरम कढीची वाटी तोंडाला लावल्यावर जे बरे वाटते, ते मनाचे खेळ म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु त्याच प्रयोगात नाकातून वाहणारी हवा यंत्राने मोजली होती आणि तिच्यात काहीही फरक पडला नव्हता. आराम खरा, बरे होणे नव्हे. सर्दी साधारण सात ते दहा दिवस राहते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचा जोर सर्वाधिक असतो आणि मग ती आपोआप उतरू लागते. तिसऱ्या दिवशी जो काढा हातात असेल, त्याला यश मिळते, इतकेच. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा ताप उतरून पुन्हा चढला, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

तेव्हा तुरीच्या डाळीची मऊ खिचडी, वरून शेंगदाण्याचे कच्चे तेल, सोबत भाजलेला पापड आणि वाटीभर गरम कढी, हे सर्दीतले जेवण उत्तमच आहे. माझी हरकत आहे ती ते कोणी रांधायचे, यावर. वाचून पाहा: संपूर्ण संदेशात आजारी बाईच्या हातांना सहा कामे आहेत आणि पुरुषाच्या हाताला केवळ ताट आहे. गरम अन्नाने आजाऱ्याला आराम मिळतो हे त्या लेखकाला ठाऊक आहे, आणि तरीही ते अन्न आजाऱ्याने इतरांसाठी करावे असे तो सांगतो. काही बायकांना कणकण असतानाही स्वतः खिचडी टाकल्याशिवाय चैन पडत नाही, मीही त्यांतलीच आहे. पण ती माझी खोड आहे, तिला आरोग्यशास्त्र म्हणू नये. दवाखान्यातून आल्यावर बहिणीच्या यजमानांनी पहिल्यांदा खिचडी लावली. बुडाला लागली होती. सर्वांनी खाल्ली.

हे सगळे मी त्या समूहावर लिहून पाठवल्यावर सासूबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, केवळ अडचणीत होत्या, कारण संदेश वाचून त्यांनी मोठी बरणी आणवली होती. ‘मंग त्या मधनं काय करू माय?’ त्यांनी विचारले. साखरेचा त्रास नाही ना, एवढे विचारून घेतले आणि सांगितले की तुमचा खोकला जाईपर्यंत झोपताना चमचाभर घ्या, आणि बरणी बाळाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा.