उलटा पिन टाकल्याने पोलीस येत नाहीत

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर्षानुवर्षं फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. चोराने धमकावून एटीएममधून पैसे काढायला लावले तर वाद घालू नका, पिन उलटा टाका. पिन १२५४ असेल तर ४५२१ दाबा. तुम्ही संकटात आहात हे मशीन ओळखेल, नोटा अर्ध्या बाहेर येऊन अडकतील आणि चोराला पत्ता न लागता पोलिसांना खबर जाईल. ही सोय प्रत्येक एटीएममध्ये आहे, सगळ्यांना पाठवा.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवते. मावशी एकटी राहते, पेन्शन एटीएममधूनच काढते आणि हा मेसेज तिने मनापासून खरा मानलाय. उद्या खरोखरच कुणी चाकू घेऊन तिच्या मागे उभा राहिला तर ती हेच करेल, या भीतीने मी हे लिहितेय.

पहिला दावा, मशीन ओळखेल. एटीएमला आपला पिन माहीतच नसतो. आपण आकडे दाबतो तेव्हा कीपॅडच्या आतच त्यांचं सांकेतिक रूपांतर होतं आणि ते आपल्या बँकेकडे जातं. एटीएम दुसऱ्या बँकेचं असेल तर मध्ये नॅशनल फायनान्शिअल स्विच, म्हणजे वेगवेगळ्या बँकांची एटीएम एकमेकांना जोडणारा दुवा, लागतो. पिन बरोबर की चूक हे आपल्या बँकेकडच्या एका सुरक्षित उपकरणात ठरतं आणि मशीनकडे फक्त निकाल परत येतो. विद्यार्थ्यांना आम्ही 'इफ' आणि 'एल्स' शिकवतो, तसंच आहे हे: जुळलं तर पैसे दे, नाहीतर 'चुकीचा पिन' दाखव. 'उलटा असेल तर पोलिसांना कळव' अशी तिसरी फांदी तिथे कुणी लिहिलेलीच नाही. आणि न लिहिलेलं काम संगणक आपल्या मनाने कधीच करत नाही, हे मला दरवर्षी पहिल्याच तासाला सांगावं लागतं. तेव्हा ४५२१ दाबलं की स्क्रीनवर 'चुकीचा पिन' येणार, आणि ते चोरही वाचणार. घाबरून पुन्हा पुन्हा तेच केलं तर बहुतेक बँकांत तिसऱ्या चुकीला कार्ड बंद पडतं. चाकू हातात असलेल्या माणसासमोर अशी वेळ मावशीवर यावी?

निर्णय मशीनमध्ये होत नाही याचा महागडा पुरावा पुण्यातच मिळाला. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, त्यासाठी एकही एटीएम फोडावं लागलं नाही. एटीएमच्या मागणीला हो की नाही हे कळवणाऱ्या बँकेच्या स्विचऐवजी चोरांनी स्वतःचा बनावट स्विच उभा केला आणि तो प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत गेला. बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. हाँगकाँगला परस्पर वळवलेली रक्कम धरून बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

दुसरा दावा पिन उलटवण्याचा. आकडे उलटे करणं अवघड नाही, माझी मुलं दुसऱ्या आठवड्यात ते एका ओळीत करतात. पण त्याच आठवड्यात ती मला विचारतात, मॅडम, १२२१ उलटं केलं तर? १२२१ च. चार आकडी पिन एकूण १०,०००, त्यातले १०० उलटसुलट सारखेच असतात. ७७७७ पिन असलेल्या माणसाने साधे पैसे काढले तरी पोलीस यायचे का? पिन संख्या म्हणून साठवला तर १२०० चं उलटं २१ होतं, शून्यं गळून जातात; म्हणून पिन मजकूर म्हणून हाताळावा लागतो. या अडचणींवर तोडगे काढता येतात, मान्य. पण ज्या गुप्त खुणेची माहिती सगळ्या जगाला फॉरवर्ड झाली आहे ती चोराच्या मोबाइलवरही पोहोचलेलीच असते.

कल्पना मुळात कुणाच्या तरी डोक्यात आली होती, हे खरं. शिकागोच्या जोसेफ झिंगर यांना अशा योजनेचं अमेरिकी पेटंट १९९८ मध्ये मिळालं. इलिनॉय राज्याने २००४ मध्ये त्याबद्दल कायदाही केला, पण सोय बसवायची की नाही हे बँकांच्या मर्जीवर सोडलं. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या सांगण्यावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अभ्यास केला आणि २०१० च्या अहवालात नोंदवलं की अशी यंत्रणा कुठल्याही एटीएमवर कधी बसवलीच गेलेली नाही. मेसेज मात्र म्हणतो, प्रत्येक एटीएममध्ये आहे.

नोटा अर्ध्या अडकतील म्हणे. मग शेजारी उभ्या चोराला संशय येणार नाही? पोलिसांच्या खबरीचं म्हणाल तर एटीएमला अलार्म असतात, पण ते मशीन फोडण्याचा प्रयत्न झाला तर वाजण्यासाठी. कुणी कोणता पिन दाबला याच्याशी त्यांचा संबंध नसतो.

याच मेसेजचा एक भाऊ आहे: व्यवहाराआधी दोनदा 'कॅन्सल' दाबा म्हणजे पिन चोरता येणार नाही, तेही रिझर्व्ह बँकेच्या नावावर. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा ठरवलाय. कॅन्सलने चालू व्यवहार थांबतो, पिन टिपायला चोराने वर चिकटवलेला कॅमेरा निघत नाही. दुसऱ्या हाताने कीपॅड झाकला तर तो कॅमेरा आंधळा होतो.

मावशीला मी फोनवर सांगितलं, कुणी धमकावलं तर खरा पिन टाक, पैसे देऊन टाक. तो गेला की ११२ लाव आणि कार्ड बंद कर. रविवारी जाऊन तिच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये एटीएमची रोजची मर्यादा ५,००० वर आणली, म्हणजे एका दिवसात त्यापेक्षा जास्त निघणारच नाही. कार्ड बंद करायचा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो आणि कार्ड तर चोराच्या खिशात गेलेलं असू शकतं. म्हणून तो तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय आणि दुसरी प्रत शेजारच्या काकूंकडे दिली आहे.