‘आजीच्या काळी हे नव्हते’ हे खरे नाही

बाळंतिणीच्या नैराश्याविषयीचा एक मजकूर सध्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आपल्या आज्यांनी सात-आठ बाळंतपणे केली, त्यांना कधी नैराश्य आले नाही, हे शहरातल्या शिकलेल्या मुलींचे नवे खूळ आहे, सव्वा महिना माहेरी राहून डिंकाचे लाडू खाल्ले की मन ताळ्यावर येते, डॉक्टरकडे गेलात तर गोळ्यांनी दूध आटेल, वेडाचा शिक्का बसेल आणि मूलही हातचे जाईल. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मी स्वतः या आजारातून गेले आहे आणि हेच समज मनात धरून तीन महिने गप्प राहिले आहे, म्हणून यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आज्यांना हा आजार नव्हता, असे म्हणताना आपण फक्त एवढेच सांगत असतो की त्याबद्दल आपल्याला कोणी बोलले नाही. मी बरी झाल्यावर सासूबाईंनी मला त्यांच्या थोरल्या जाऊबाईंची हकिकत सांगितली. तिसऱ्या मुलीच्या जन्मानंतर त्या कोणाशी बोलेनाशा झाल्या, पोर रडत असली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. घरात ‘बाळंतपणात वारे लागले’ असे म्हणत, अंगारा लावत आणि पोरीला दुसऱ्या कोणाच्या तरी पदराखाली देत. चाळीस वर्षे ही गोष्ट त्या घरात कोणी उच्चारली नव्हती. वैद्यकाला तर ही अवस्था फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी गरोदर व बाळंत स्त्रियांच्या मानसिक आजारांवर 1858 मध्येच सविस्तर लिहिले होते.

‘शिकलेल्या मुलींचे खूळ’ हे विधान तर प्रत्यक्ष पाहणीच्या अगदी उलट आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी त्या स्त्रियांना पुन्हा भेटले असता त्यांतील 23 टक्के नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या, आणि त्यांपैकी बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या निघाल्या, तर घरची गरिबी, नवऱ्याशी असलेला बेबनाव आणि मुलगी जन्मणे. पुढे 2017 मध्ये भारतातील 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही हे प्रमाण सुमारे 22 टक्के भरले. मुलगी झाली म्हणून ज्या बाईशी घर आठ दिवस धड बोलत नाही, तिच्या दुःखाला खूळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सव्वा महिन्याच्या विश्रांतीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. शेक, मालिश, अळिवाची खीर आणि रात्री बाळाला घेऊन बसणारी आई हे सगळे ओल्या बाळंतिणीला हवेच असते. शिवाय मजकुरात एक अर्धसत्य आहे: बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे हे अर्ध्याहून अधिक बायकांना होते आणि ते सहसा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. नैराश्य हे त्याहून वेगळे आहे. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ झोपलेले असूनही झोप लागत नसेल, बाळाला जवळ घेऊन काहीच वाटत नसेल, ‘मी वाईट आई आहे’ हा विचार पाठ सोडत नसेल, तर लाडवांनी ते जाणार नाही. आणि हा आजार पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतो. माझा त्रास सासरी परतल्यावर, दुसरा महिना संपता संपता सुरू झाला, जेव्हा भेटायला येणारे थांबले होते आणि सगळ्यांच्या दृष्टीने बाळंतपण उरकले होते.

गोळ्यांनी दूध आटते, या भीतीने मी सर्वाधिक वेळ घालवला. हे खरे की काही औषधे अंगावर पाजणाऱ्या आईला जपून द्यावी लागतात. लिथियम हे त्यांपैकी एक. पण नैराश्यासाठी अशा मातांना बहुधा जे औषध प्रथम सुचवले जाते, ते सर्ट्रालिन, दुधात अतिशय अल्प प्रमाणात उतरते, आणि ते घेत असताना सहसा स्तनपान चालू ठेवता येते. म्हणून ‘मी अंगावर पाजते’ हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे आणि सुरू केलेली गोळी मनाने एकाएकी बंद करू नये. शिवाय प्रत्येकीला गोळी लागतेच असे नाही. सौम्य त्रासात समुपदेशनाने बराच फरक पडतो. पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी आणि गोव्यात ‘संगत’ या संस्थेने तयार केलेल्या स्थानिक स्त्रियांनी घरी जाऊन असे काम केले आहे. रक्तक्षय आणि थायरॉईडचा बिघाड यांमुळेही असाच थकवा व उदासी येते, त्यामुळे त्या तपासण्या करून घेणे योग्य ठरते.

मूल काढून घेतील, ही भीती सर्वांत क्रूर आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या 21 व्या कलमात नेमके उलटे लिहिले आहे: आई मानसोपचार संस्थेत दाखल असेल तर तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. मुलाला धोका असल्याचे तज्ज्ञांना वाटले तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते, आणि त्या निर्णयाचा दर 15 दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभागच आहे. बहुतेक जणींना दाखल व्हावेच लागत नाही. मीही बाह्यरुग्ण विभागात जाऊन घरी येत असे.

सुरुवात कोठून करावी हे अनेकींना कळत नाही. प्रसूती केलेल्या डॉक्टरांना, आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मराठीत बोलता येते. तपासणीत बहुधा गेल्या सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो आणि त्याचे उत्तर लपवू नये. मात्र बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, झोप पूर्ण उडाली, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असतो. हजारात एक-दोघींना तो होतो, पण तेव्हा सकाळची वाट न पाहता तिला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे, आणि तोवर तिला व बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये.